विहीणबाईंचे बुडबुडे

...आणि नाकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा! तो काल सांगायचा राहूनच गेला, बघा. भिंगाचं सांगितलं, नळीचं सांगितलं आणि नेमका चिमटा विसरलो. जेवायला हाक आली की माझं असंच होतं.

तर चित्र डोळ्यांपुढे आणा. आमच्या विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, वय वर्षं एकोणसाठ, आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात टेबलाशी बसल्या आहेत. उजव्या डोळ्यात भिंग. नाकाला चिमटा. तोंडात निळी नळी, आणि तिचं दुसरं टोक कानाशेजारून निघून डोक्याच्याही वर गेलेलं. त्यातून एकसारखा आवाज येतोय, फूं... हूं... फूं... हूं. अशात आत आले पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, हातात गजराचं घड्याळ. ते दारातच थबकले. डोक्यावरची टोपी काढली. अगदी हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

विहीणबाईंना तोंडातली नळी काढायची नव्हती. त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली. दहा दिवस.

"काळजी घ्या," असं म्हणून त्या गृहस्थांनी घड्याळ टेबलावर असं अलगद ठेवलं, जसं काही झोपलेलं मूलच. आणि पाठ न दाखवता, मागे मागे जात दुकानाबाहेर पडले.

पण काल जे इथं नव्हते त्यांना यातलं काहीच कळायचं नाही, तेव्हा मुळापासून सांगतो.

विहीणबाईंचं दुकान एवढंसं. तीन माणसं आत आली की चौथ्यानं बाहेरून बोलायचं. भिंतभर घड्याळं, आणि सगळी एका ठोक्यावर. त्यांच्या वडिलांचं दुकान हे. त्यांनीच मुलीला हात धरून काम शिकवलं, आणि पहिलाच धडा दिला तो असा, की श्वास घड्याळाबाहेर ठेवायचा. घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग असते, आणि राईच्या दाण्यापेक्षा लहान स्क्रू. फुंकर लागली की गेला. उसासा टाकला की काचेवर वाफ. म्हणून हातातला बारीक पोलादी चिमटा घड्याळात गेला की श्वास बंद, आणि स्क्रू जागेवर बसला की श्वास सुरू. एकतीस वर्षं हेच. मी कितीदा तिथल्या स्टुलावर बसून पाहिलंय. बाईंनी श्वास रोखला की आपलाही रोखला जातो. त्या मिनिटभरानं सावकाश सोडतात, आणि तोवर मला घेरी आलेली असते.

यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्या बाईनं दुकान एक दिवस स्वतःसाठी म्हणून बंद ठेवलं नाही. "मी बंद ठेवलं तर यांना चावी कोण देणार?" म्हणायच्या, भिंतीकडे हात करून.

आता यात पाणी कुठून आलं? सांगतो. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, पोहण्याच्या तलावावर स्कूबा शिकवणारे एक सर. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची, तिची नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली जाऊन माशांच्या शेजारी श्वास घ्यायचा. मी त्यांना डुबकीसर म्हणतो. उंच माणूस, उन्हानं रापलेला, आणि कानात पाणी गेल्यासारखा मोठ्यानं बोलणारा. ते दरवर्षी आपलं पाण्यातलं घड्याळ घेऊन येतात. बाई त्याच्या रबरी रिंगा बदलतात, आणि मग त्याची परीक्षा घेतात. जाड काचेचं एक भांडं आहे. त्यात पाणी, वर कोंडलेली हवा. हवेचा दाब वाढवायचा, घड्याळ पाण्यात सोडायचं, दाब हळूहळू कमी करायचा आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. घड्याळातून एक बुडबुडा जरी निघाला तरी ते नापास.

गेल्या वर्षी घड्याळ पास झालं, आणि सरांनी ते मनगटावर बांधता बांधता सहज विचारलं, "बाई, इतकी घड्याळं पास करता. स्वतः कधी गेलाय का पाण्याखाली?"

"चष्मेवाला काय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकावर बसून बघतो?" बाईंनी फटकन उत्तर दिलं.

सर हसत हसत गेले. पण प्रश्न तिथंच राहिला. तीन दिवसांनी आमच्याकडे चहाला आल्या, तेव्हा कप तसाच धरून बसलेल्या. मी म्हटलं, "विहीणबाई, काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही, व्याही. एकतीस वर्षं मी लोकांची घड्याळं समुद्रात पाठवतेय. ती जाऊन येतात. मी आपली टेबलाशी."

झालं! आमच्या सूनबाईला एवढं पुरे होतं. तिनं आठवडाभरात सगळं ठरवून टाकलं. आई आणि लेक, दोघीच, आठ दिवस. पार दूरचा उबदार समुद्र, पोवळ्यांची बेटं, आणि पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाशी वाळूवर पडलेली दिसते म्हणे. फक्त एक अट होती. निघायच्या आधी डुबकीसरांकडे शिकायचं आणि त्यांची सही असलेला कागद न्यायचा. सही असेल तर पाण्यात. नसेल तर काचेच्या तळाच्या होडीत बसून वरून मासे बघायचे.

"तेही काही वाईट नाही हो," आमची ही म्हणाली. "कपडेसुद्धा भिजायचे नाहीत."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "काचेतून बघणं जन्मभर केलं. आता काचेच्या पलीकडे जायचंय."

डॉक्टरांनी कान बघितले, छाती बघितली, पळायला लावलं आणि हरकत नाही असं लिहून दिलं. नदीकाठी वाढल्यामुळे पोहणं अंगात होतंच. पहिल्या दिवशी तलावावर गेल्या तर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष. ते चार मिनिटं मागे. सर पाण्यात उभे, आणि ह्या स्टूल मागवून वर चढलेल्या. घड्याळ लावल्याशिवाय पाण्यात पाय टाकला नाही. पुढं रोज पाण्यात उतरायच्या आधी त्या घड्याळाकडे एक नजर.

आता इथं माझी चूक आली. लपवण्यात अर्थ नाही. आमच्या गावच्या शाळेमागं एक तळं होतं. मधल्या सुट्टीत आमची पैज लागायची, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची. मी दुसरा यायचो. पहिला यायचा तो सुताराचा मुलगा, आणि तो एका पोकळ बोरूतून हवा ओढायचा हे आम्हांला सातवी पास झाल्यावर कळलं! तर मला वाटलं, पाण्याखाली जाणं म्हणजे श्वास रोखणं. मी छातीठोकपणे सांगितलं, "विहीणबाई, तुम्हांला काय अवघड आहे? एकतीस वर्षं तालीमच चाललीय तुमची. वर्गात पहिल्या याल."

त्यांनाही ते पटलं. रोज संध्याकाळी त्या श्वास रोखायच्या, आणि मी सेकंद मोजायचो. सत्तर सेकंदांपर्यंत आणलं होतं आम्ही!

परीक्षेच्या दिवशी तलावाच्या तळाशी सगळ्यांनी गुडघे टेकून दोन मिनिटं शांत बसायचं होतं, बस्स. इतर सगळं बाईंना येत होतं. डोळ्यांवर आणि नाकावर बसणाऱ्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरलं तर ते नाकानं फुंकून बाहेर काढणंसुद्धा. मी काठावर उभा. सरांनी खाली सगळ्यांना आपलं मनगट दाखवलं, घड्याळावर बोट ठेवलं, म्हणजे दोन मिनिटं. आणि तिथंच घात झाला. बाईंना ते घड्याळ दिसलं. आपल्या हातचं. काचेच्या आत दमट डाग तर नाही ना, म्हणून त्या पुढं वाकल्या, डोळे बारीक केले, आणि सवयीप्रमाणे श्वास बंद!

छातीत हवा भरलेली, ती बाहेर जाईना. माणूस चेंडूच होतो मग. विहीणबाई गुडघ्यांवरून उठल्या आणि सरळ वर निघाल्या. सरांनी पाय धरला, म्हणून अर्ध्यात थांबल्या. मी वरून टाळ्या वाजवत होतो. मला वाटलं, उडी मारून दाखवतायत.

सर पाण्याबाहेर आले ते अगदी गंभीर. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण हळू बोलले. "बाई, खोल पाण्यात टाकीतली हवा दाबाखाली छातीत जाते. वर येताना ती फुगते. श्वास चालू असला तर ती निघून जाते. रोखलेला असला तर जायला जागा नाही. फुप्फुसाला इजा होते. पाण्याखालचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. तुम्ही आज रोखलात. मला सही करता यायची नाही."

"म्हणजे काचेची होडी," बाई म्हणाल्या.

"अजून तीन आठवडे आहेत. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा बघू. पण तेव्हा मी हेच घड्याळ तुमच्या डोळ्यांपुढं धरणार. पुन्हा रोखलात तर होडीच."

घरी येताना मी दोन पावलं मागूनच चालत होतो. सत्तर सेकंदांचा हिशेब माझ्याच नावावर होता. फाटकाशी विहीणबाईच म्हणाल्या, "व्याही, गंमत बघा. घड्याळातून बुडबुडा आला की घड्याळ नापास. माणसातून बुडबुडा आला नाही की माणूस नापास." आणि खुदकन हसल्या. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी श्वास चालू ठेवून काम करायचं ठरवलं. पहिल्याच घड्याळाला स्क्रू उडाला. मी, सूनबाई, आमची ही, तिघं गुडघ्यांवर. लोहचुंबक फिरवला, केरसुणीची काडी न् काडी झाडली. आमची ही म्हणते, "इतकी लहान वस्तू ठेवावी कशाला माणसानं?" तासाभरानं स्क्रू सापडला तो माझ्या विजारीच्या मुडपीत. दुसरा सापडलाच नाही. तिसऱ्या घड्याळाच्या काचेवर वाफ धरली, आणि ते पुन्हा उघडावं लागलं. काम करावं तर श्वास रोखावा लागतो, श्वास घ्यावा तर काम बिघडतं. बाई दोन दिवस नुसत्या घड्याळं पुसत बसल्या.

तिसऱ्या दिवशी सूनबाई प्रवासाच्या वस्तू घेऊन आली. मुखवटा, पायातले रबरी पंख आणि पाण्यावर पालथं पोहताना तोंडात धरायची ती निळी नळी. पंख घालून बाईंनी स्वयंपाकघरात चालून बघितलं. पुढं चाललं की अडखळायला होतं, म्हणून सर म्हणाले होते उलटं चाला. त्या उलट्या चालत थेट पाण्याच्या पिंपावर जाऊन बसल्या. मुखवट्याच्या नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो दात घासायच्या पेस्टनं घासून काढावा लागतो. ते काम त्यांनी असं केलं की काच आहे की नाही ते कळेना, आणि आमच्या हिनं त्यातून बोट घालायला बघितलं. शेवटी नळी हातात घेतली, उलटसुलट केली. तोंडात धरली. नळीच्या वरच्या टोकापुढं हात नेला. श्वास तिथून, वरून जात होता.

बाई जागच्या जागी थांबल्या. मग सूनबाईला म्हणाल्या, "दोरीवरचा एक चिमटा आण गं."

कळलं ना आता? नाक बंद, श्वास नळीतून डोक्यावर, आणि खाली घड्याळाला वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. स्क्रू जागेवर, काच कोरडी, आणि फूं हूं अखंड चालू! डुबकीसरांना सांगितलं तर ते फोनवर इतके हसले की मी फोन कानापासून हातभर लांब धरला. मी रोज समोर स्टुलावर बसायचो आणि आवाज थांबला की टेबलावर टिचकी मारायचो. पहिल्या दिवशी टिचक्या मारून माझं नख दुखलं. चौथ्या दिवशी सहा टिचक्या. दहाव्या दिवशी एक.

आणि त्याच दहाव्या दिवशी ते पोस्टातले गृहस्थ आले.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की घड्याळवाल्या बाई शेवटच्या घटका मोजतायत, नळ्या लावल्यात, तरी बिचारी काम करतेय. सकाळी दुकानात रांग. कुणी सफरचंदं घेऊन, कुणी मोसंबी. शिंपीणबाई तर रडतच आल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "माझं मनगटी घड्याळ मात्र आजच देऊन टाका, हं." बाईंनी नळी काढली, चिमटा काढला आणि सगळ्यांना एकदाच सांगितलं, "मी आजारी नाही. मी समुद्राखाली जाणार आहे."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले आणि त्या आणखी जोरात रडायला लागल्या.

फळं आम्ही आठवडाभर खाल्ली. पण एक झालं. आता गल्लीला ठाऊक होतं. येणारा जाणारा विचारायचा, "सही झाली का?" बाई हसून "बघू" म्हणायच्या, पण त्यांची धाकधूक मला दिसत होती. दुकानाच्या दारावर लावायला एक पाटी हवी होती. गावच्या शाळेत घोटून घेतलेलं माझं अक्षर चांगलं, म्हणून मी पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहून दिलं: 'दुकान आठ दिवस बंद राहील.' बाईंनी ती पाटी वाचली, खणात पालथी घातली आणि खण लावला.

"लावा की," मी म्हटलं.

"आधी सही."

"अहो, सही होणारच आहे."

"तुम्ही मागच्या वेळीसुद्धा 'पहिल्या याल' म्हणाला होता."

बॅग मात्र भरत होत्या. त्यात चार बारीक स्क्रूड्रायव्हर घातले होते. सूनबाईनं ते काढले. संध्याकाळी बघितलं तर मोज्यांत परत घातलेले.

तर परीक्षेची सकाळ. दोन दिवसांनी निघायचं. मी आणि सूनबाई काठावर. तिची सही पहिल्याच वेळी झाली होती. बाई आल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आपल्या मनगटाकडे बघितलं, मान हलवली, आणि पाण्यात उतरल्या. डोकं दिसेनासं झालं.

वरून आपल्याला काय दिसणार? बुडबुडे. दोन ठिकाणी, सरांचे आणि बाईंचे. पाणी स्वच्छ होतं म्हणून एवढं दिसलं की दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसलेत. सरांनी अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवलं, म्हणजे ठीक आहे ना? बाईंनी कडं दाखवलं. मग सरांनी डावा हात उचलला आणि मनगट थेट बाईंच्या मुखवट्यापुढं नेलं.

बाई पुढं वाकल्या. अगदी टेबलाशी वाकतात तशा. डोकं डाव्या बाजूला जरा कलतं, तसंच कललं.

एक बुडबुड्यांचा झुबका वर आला. फुटला. मग काहीच नाही. पाणी सपाट. मी बोट उचललं, टिचकी मारायला, आणि समोर टेबल कुठलं! मग भसकन दुसरा झुबका. मग तिसरा. चौथा. संथ, एका ठोक्यावर, त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळांसारखे.

सूनबाईनं माझा दंड हलवला. "बाबा!"

मी हातानंच थांब म्हटलं.

"बाबा, आई घेतेय श्वास! तुम्ही घ्या आधी!"

घेतला. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. पूर्ण एक मिनिट सरांनी मनगट हलवलं नाही, आणि पूर्ण एक मिनिट बुडबुडे थांबले नाहीत. मग दोघं सावकाश वर आले, वर येतानाही बुडबुडे सोडत. सरांनी तोंडातला रबरी तुकडा काढला आणि सगळा तलाव घुमेल असे ओरडले, "पास! सही आत्ता करतो, इथंच, ओल्या हातानं!"

सूनबाई कपड्यांनिशी पायरीवर उतरली होती. मी उगाच नाक शिंकरत होतो. सर काठाला धरून म्हणाले, "पण बाई, एक सांगा. अख्खं मिनिट तुम्ही माझ्या घड्याळावरून नजर हलवली नाहीत, आणि श्वास एकदाही अडला नाही. मनात चाललं तरी काय होतं तुमच्या?"

विहीणबाईंनी मुखवटा कपाळावर सरकवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सरांचं मनगट ओढून पुन्हा एकदा बघितलं, मोठा श्वास घेतला, सोडला आणि म्हणाल्या:

"तुमचं घड्याळ वीस सेकंद पुढं पळतंय, सर. उद्या संध्याकाळच्या आत दुकानात आणून द्या. परवापासून आठ दिवस दुकान बंद आहे."